जुन्या पिकअपच्या मीटरचा लाईट गेला: बल्ब, एलईडी, रिपेअर का दुसरं मीटर?

वरुड-मोर्शीकडून आंबिया बहाराचा संत्रा भरून रात्रीचं नागपूरच्या कळमना मार्केटले निघायचं अन् मीटरमधी अंधार, डिझेल किती हाय ते मोबाईलच्या टॉर्चवर पाहायचं, असे लय जण फिरतात. पंधरा वर्सं जुनी बोलेरो पिकअप नाहीतर टाटा २०७ असली की हे एक दिवस होतंच. मग चार जण चार सल्ले देतात: कोणी म्हणतो बल्ब टाक, कोणी म्हणतो सगळे एलईडी करून घे, कोणी थेट भंगारातलं मीटरच आणायले सांगतो. माझं म्हणणं असं हाय की आधी खिसा पाहू नका, आधी नेमकं काय बंद हाय ते पहा, कारण खर्च त्यावरच ठरते.

सगळाच्या सगळा उजेड एकदम गेला असन तर चार-पाच बल्ब एकाच रात्री मरत नाहीत राजेहो. मागचे टेल लाईट लागतात का पहा. लय गाड्यांत मीटरचा उजेड पार्किंग लाईटच्याच फ्यूजवर असतो, तोच उडला असन तर दोन्ही बंद दिसन. फ्यूज बदलतांना ज्या अँपिअरचा निघाला त्याच अँपिअरचा टाका, १० चा लाल असतो, १५ चा निळा, अन् नवाही लगेच उडला तर कुठंतरी वायर घासली हाय किंवा उंदरानं कुरतडली हाय. घराशेजारी कुटार, ढेप ठेवतो आपण, उंदीर गाडीत शिरणारच. टेल लाईट बरोबर लागत असतील तर डिमरचं चाक, म्हणजे मीटरचा उजेड कमी-जास्त करायचं, फिरवून पहा, मग मीटरच्या मागचं कनेक्टर अन् अर्थिंग. डॅशबोर्डवर थाप मारली की लाईट येते-जाते, असं असन तर बल्बवर एक रुपयाही घालू नका, तो लूज कॉन्टॅक्ट हाय.

आता अर्धंच मीटर अंधारात हाय, म्हणजे स्पीडवाला भाग दिसते अन् डिझेलचा काटा दिसत नाही, तर बल्ब गेला समजा. इथून खरी निवड सुरू होते.

साधा बल्ब सगळ्यात स्वस्त, दहा-वीस रुपयाची गोष्ट, तालुक्याच्या कोणत्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात भेटते. जुन्या मीटरमधी बहुतेक करून बिनटोपीचे काचेचे बल्ब असतात, मोठा टी-१० अन् बारका टी-५, प्लास्टिकच्या होल्डरमधी बसवलेले, होल्डर पाव चक्कर फिरवला की बाहेर येतो. जुना बल्ब खिशात घालूनच दुकानात जा, तोंडी सांगू नका. अन् जास्त उजेड पाहिजे म्हणून जास्त वॅटचा टाकू नका, मीटरच्या मागं हवा खेळत नाही, त्यात आपल्याकडचा मे महिना, होल्डर वितळते, वरचं प्लास्टिक पिवळं पडते. एक बल्ब गेला म्हणजे बाकीचेही त्याच वयाचे हायेत, तर मीटर खोललंच हाय तर सगळेच बदलून टाका, मेहनत खोलायचीच असते.

खोलतांना बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. जुन्या गाडीले स्पीडोमीटरची केबल असते, ती मागून सुटल्याशिवाय मीटर ओढायचं नाही, घाई केली की केबल मुरगळते अन् मग काटा थरथरत राहते.

एलईडीचं आकर्षण सगळ्यायले हाय अन् ते काही खोटं नाही. ५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर जवळपास ०.४ अँपिअर खाते, एलईडी त्याच्या कितीतरी कमी, गरम कमी होते, खड्ड्यायच्या रस्त्यावर तार तुटायचा प्रश्नच नाही. पण तीन-चार गोष्टी दुकानदार सांगत नाही. एलईडीले उलटं-सुलटं असते, लागला नाही तर खराब समजून फेकू नका, होल्डरमधून काढून फिरवून बसवा. काही मीटरमधी रंगीत फिल्टर असते, हिरव्या फिल्टरमागं लाल एलईडी टाकला तर काहीच दिसत नाही, फिल्टरच्याच रंगाचा घ्या. उजेड समोर एकाच जागी पडते, म्हणून मधात झगझगाट अन् कोपऱ्यात अंधार, चारी बाजूनं उजेड फेकणारा पाहून घ्यावा लागते. डिमरवर एलईडी नीट कमी-जास्त होत नाही, अन् तो पांढरा-निळा उजेड रात्रभर डोळ्यात घुसते, समोरचा रस्ता दिसायचा सोडून मीटरच दिसते. रंगीत फिल्टर नसन तिथं मी तर पिवळसरच घ्यायले सांगतो, दिसायले जुनाट दिसला तरी चालन.

अन् सगळ्यात महत्त्वाचं, बॅटरीच्या लाल खुणेचा बल्ब एलईडी करू नका. लय जुन्या गाड्यांत बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरले सुरुवातीचा करंट त्याच बल्बातून भेटते, हँडपंपात आधी तांब्याभर पाणी ओतावं लागते तसं. एलईडीमधून तेवढा करंट जात नाही, मग गाडी सुरू होते पण चार्जिंग लागत नाही, किंवा रेस वाढवल्यावर लागते, अन् माणूस बॅटरीलेच शिव्या देत बसतो. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू करायच्या आधी, ती लाल खूण लागलीच पाहिजे. लागत नसन तर बाकी उजेड राहू द्या, आधी तो बल्ब बदला, साधाच. तसंच काही गाड्यांत डाव्या-उजव्या इंडिकेटरले मीटरमधी एकच हिरवी खूण असते, तिथं एलईडी टाकला तर एकाच बाजूले लागते. म्हणजे उजेडासाठी एलईडी टाकाच, खुणांच्या बल्बाले हात लावू नका.

नवा बल्ब टाकूनही लागला नाही, तर दोष मागच्या सर्किट पट्टीत हाय. ती पातळ प्लास्टिकची, तांब्याच्या रेघायची पट्टी असते, ओल अन् धुळीनं काळी पडते. खोडरबरनं हलक्या हातानं घासा, होल्डरच्या पत्त्या थोड्या वर उचला, निम्म्या वेळा तेवढ्यातच काम होते. रेघ तुटली असन तर मीटर रिपेअरवाला बारीक वायर टाकून जोडून देते. हे काम घरच्या जाड कयेनं (सोल्डरिंग आयर्ननं) करू नका, प्लास्टिक लगेच वितळते. अन् ज्या नव्या मॉडेलात बारके एलईडी थेट बोर्डावरच सोल्डर केलेले हायेत, तिथं तर रिपेअरवाल्याशिवाय पर्यायच नाही. त्याले फक्त एक विचारा, काटे काढावे लागतील का? काढून जागेवर नीट बसवले नाहीत तर स्पीड चूक दाखवते. अमरावती-नागपूरले जाणं-येणं अन् गाडी उभी राहणं धरलं तरी मला हा सौदा मीटर बदलण्यापेक्षा बरा वाटतो, कारण किलोमीटर जसेच्या तसे राहतात.

भंगारातलं मीटर स्वस्त दिसते पण त्यात भानगडी हायेत. बाहेरून सारखं दिसते, मागचं कनेक्टर वेगळं निघते. एकाले स्पीडची केबल, दुसऱ्याले सेन्सर. डिझेलचा काटा टाकीतल्या फ्लोटशी जुळला नाही तर अर्धी टाकी असतांना रिकामी दाखवते. अन् किलोमीटर दुसऱ्याच गाडीचे, उद्या गाडी विकायले काढली की गिऱ्हाईक पहिले तेच विचारन. बरं, त्याच्याही पट्टीनं तेवढाच उन्हाळा खाल्लेला असतो, तिचा भरोसा काय? काच फुटली, काटे जाम, मीटरच जळालं, तेव्हाच या वाटेनं जा, अन् जुन्या मीटरचा चालू रीडिंगसकट फोटो काढून बिलासोबत ठेवा.

कोरं मीटर घ्यायचं तर काही हजाराची गोष्ट हाय, अन् जुन्या मॉडेलचं भेटनच असं नाही. गाडी अजून पाच-सात वर्सं चालवायची असन, रोजचा धंदा तिच्यावर असन, तर विचार करा. दोन वर्सांत विकायचीच असन तर कायले?

आठ वर्सांवरच्या मालवाहू गाडीले दरवर्षी फिटनेस करावं लागते, तवा पासिंगच्या आठवडाभर आधी मीटर खोलून ठेवू नका. अन् सीझन भरात हाय, एक दिवसही गाडी उभी ठेवता येत नाही, तर तेवढ्यापुरती बारकी एलईडी पट्टी मीटरच्या वरच्या कडेले आतून चिकटवा, पार्किंगच्या वायरवरून, मधात फ्यूज टाकून, जोडा, माल संपला की मग आरामानं खोला.