गेम डिझाइनच्या एमडेसमध्ये गोडो ४: अनेक महिन्यांच्या वापरानंतर

एमडेसच्या, म्हणजे मास्टर ऑफ डिझाइनच्या, थिसिससाठी मी मोक्षपटावर (सापशिडीचं जुनं रूप) आधारलेला मराठी गेम करते आहे. सगळं काम गोडो ४ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये (गेम इंजिनमध्ये).

माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट देवनागरी. गोडो ३ मध्ये जोडाक्षरं तुटायची, वेलांट्या भलतीकडे जायच्या. मार्च २०२३ मध्ये ४.० आलं, अक्षरजुळणी हार्फबझ या अक्षरं जोडून दाखवणाऱ्या लायब्ररीकडे गेली आणि मराठी मजकूर नीट दिसू लागला. संवाद एकेका अक्षराने उमटवायचे असतील तर लेबलमध्ये (मजकूर दाखवणाऱ्या घटकात) 'कॅरेक्टर्स आफ्टर शेपिंग' निवडा. नाहीतर 'स्त्री' येताना आधी स, मग स्, मग स्त असं दिसत राहतं, आणि मराठी वाचणाऱ्याला ते फार खुपतं.

डिझाइनच्या विद्यार्थ्याला लागते ती चटकन बदल करून बघण्याची सोय. मूळ मोक्षपटात सगळं दानावर. खेळणाऱ्याने ठरवायचं असं काही नाहीच. म्हणून मी एक दान दोन सोंगट्यांत वाटायची मुभा दिली. आता साप किती घरं मागे नेणार, हा आकडा कोडमध्ये '@एक्स्पोर्ट' केला की इन्स्पेक्टरमधून, म्हणजे गोडोच्या गुणधर्मांच्या पट्टीतून, कोड न उघडता बदलतो. गेम चालू असताना 'रिमोट'मधूनसुद्धा, म्हणजे चालू गेमचे घटक दाखवणाऱ्या टॅबमधून. वडोदऱ्यात आमच्या दांडिया बाजारातल्या घरी आजी खेळते तेव्हा मी शेजारी गप्प बसते, कारण प्लेटेस्टमध्ये (कुणाला तरी खेळायला देऊन बघताना) आपण सांगायला लागलो की समोरच्याला कुठे अडतं ते कळतच नाही. ती "पुरे गं आता" म्हणाली की आकडा कमी करते, आणि ती पुन्हा दान टाकते. रिमोटमधला बदल गेम बंद केल्यावर टिकत नाही, तेव्हा वहीत लिहून ठेवायचं.

जुन्या लॅपटॉपवर 'कॉम्पॅटिबिलिटी' रेंडरर (चित्रं पडद्यावर काढणारा भाग) घ्या, टूडी छान चालतं. वास्तवदर्शी थ्रीडी हाच विषय असेल तर अनरिअल हे दुसरं इंजिनच बरं. कन्सोलसाठी (प्लेस्टेशनसारख्या गेमयंत्रांसाठी) गोडोतून थेट एक्स्पोर्ट होत नाही. नोकरीच्या जाहिरातींत युनिटी हे इंजिन बरंच दिसतं, म्हणून त्याची तोंडओळख मी सोबत करते आहे. पण थिसिससाठी गोडोच: एमआयटी हा मुक्त परवाना आहे, गेम विकला तरी रॉयल्टी नाही.

कोड सी शार्पऐवजी जीडीस्क्रिप्ट या गोडोच्या स्वतःच्या भाषेत लिहा. गोडो ४ मध्ये सी शार्पच्या प्रोजेक्टची ब्राउझर आवृत्ती निघत नाही, आणि गाईडना दर आठवड्याला नुसती लिंक पाठवता येणं ही मोठी सोय आहे.