ओशन ग्रोव्हला कॉटेज बुक करताय? आधी हे वाचा

न्यू जर्सीतल्या मंडळींनो, समर तोंडावर आलाय म्हणून मुद्दाम लिहितेय. ओशन ग्रोव्ह सुंदरच आहे, 1869 मध्ये मेथडिस्ट लोकांनी वसवलेलं गाव, कोरीव लाकडी पोर्चची व्हिक्टोरियन घरं, 1894 चं ते भलंमोठं लाकडी ऑडिटोरियम, समोर समुद्र. आईबाबा पुण्याहून आले होते, एडिसनहून फार लांब नाही म्हणून तिथलंच ठरवलं.

एका जाहिरातींच्या साइटवर कॉटेज मिळालं. मालक म्हणवणारा माणूस फोनवर इतका गोड बोलायचा, आईला जिने चढवत नाहीत म्हटल्यावर खालची बेडरूम तयार ठेवतो म्हणाला, अ‍ॅग्रीमेंटची पीडीएफ पाठवली, स्वतःच्या लायसन्सचा फोटोसुद्धा. पैसे मात्र झेलने (बँक खात्यातून थेट दुसऱ्याच्या खात्यात पैसे पाठवायची सोय), तेही दुसऱ्याच नावावर, "हिशोब माझी बहीण बघते." 1,850 डॉलर गेले.

तिथे पोचलो तर दाराचा कोड लागेना. बेल वाजवल्यावर आतून एक वयस्कर बाई आल्या, आमच्या बॅगा बघितल्या आणि आम्ही बोलायच्या आधीच म्हणाल्या, "तुम्हीपण?" त्या तिथेच राहतात, घर भाड्याने देतच नाहीत. त्यांनी घर विकत घेतलं तेव्हाचे विक्रीच्या जाहिरातीतले फोटो कोणीतरी उचललेत. आई पोर्चच्या पायरीवरच बसली, त्या बाईंनी तिला पाणी आणून दिलं. लोकांचा विश्वास आणि वर दुसऱ्याचं घर, दोन्ही वापरतात हे हलकट, मला त्याचीच जास्त चीड येते.

बँक म्हणाली पैसे तुम्हीच पाठवलेत, परत मिळणार नाहीत. क्रेडिट कार्ड असतं तर निदान डिस्प्यूट टाकता आला असता. पोलिसांत आणि एफबीआयच्या आयसी3 या ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारींच्या साइटवर तक्रार केलीय.

एक गोष्ट नीट बघा, जाहिरातीत "प्रायव्हेट ड्राइव्हवे" लिहिलं होतं. तिथले प्लॉट एवढेसे आहेत, घरं एकमेकांना चिकटून, बहुतेकांना ड्राइव्हवेच नाही, उन्हाळ्यात रस्त्यावर पार्किंगसाठी मारामारी. म्हणजे लिहिणाऱ्याने गाव बघितलंच नव्हतं. फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघा, जुनी विक्रीची जाहिरात लगेच सापडते, आणि मॉनमाउथ काउंटीचे प्रॉपर्टी टॅक्स रेकॉर्ड ऑनलाइन फुकट बघता येतात, तिथलं नाव आणि झेलवरचं नाव ताडून बघा.

काल तेच फोटो परत दिसले, आता पत्ता केप मे या न्यू जर्सीतल्याच दुसऱ्या समुद्रकाठच्या गावाचा टाकलाय. पांढरा पोर्च, दोन हिरव्या झुलत्या खुर्च्या आणि दारावर रंगीत काच असं काही दिसलं तर पैसे पाठवू नका, जाहिरात लगेच रिपोर्ट करा.