नाटकासाठी घाऊक खरेदी: आखूड नऊवारी आणि नावापुरतं सुती कापड

राज्य नाट्य स्पर्धेच्या तारखा जवळ आल्या की हौशी संस्थांची खरेदी सुरू होते, आणि गिऱ्हाईक घाईत आहे हे विकणाऱ्याला लगेच कळतं. आमच्या संस्थेला 10 नऊवारी आणि अंगरख्यांसाठी पांढऱ्या सुती कापडाचा तागा हवा होता. दोन्ही एकाच घाऊक विक्रेत्याकडून घेतलं आणि दोन्हींत गंडवलं गेलं. पद्धत ठरलेली आहे, म्हणून तपशिलात लिहितोय.

नऊवारी म्हणजे 9 वार, सव्वाआठ मीटर. गठ्ठ्यातल्या वरच्या दोन साड्या मापाच्या होत्या, खालच्या आठ जेमतेम 7.4 मीटर. घडी घातलेली साडी बघून हे कळत नाही. कळतं ते नेसवताना: पदर नीट काढला तर निऱ्या कमी पडतात, निऱ्या भरपूर घेतल्या तर काष्ट्याला कापड उरत नाही. असा ओढूनताणून खोचलेला काष्टा नटी खाली बसली की सुटतो. विक्रेत्याचं उत्तर होतं, "स्टेजवर कोण मोजतंय?" मोजायला मिनिटही लागत नाही. साडी लांबीत दोनदा दुमडा. चौथा भाग 2 मीटर 5 सेंटिमीटर भरला पाहिजे. गठ्ठ्यातली मधली आणि तळाची साडी मोजा, वरची मोजून काही उपयोग नाही.

ताग्याचं प्रकरण जास्त महागात जातं. "प्युअर कॉटन" म्हणून आलेल्या कापडात आडवे धागे सुती आणि उभे पॉलिएस्टरचे होते. वर खळ (स्टार्च) इतकी, की हाताला छान जाडजूड लागत होतं. रिअ‍ॅक्टिव्ह रंगात बुडवल्यावर सुती धाग्यांनी रंग घेतला, पॉलिएस्टरचे पांढरेच राहिले. गर्द तांबडा हवा होता, निघाला धुवट गुलाबी. रंग, मीठ, सोडा, मेहनत सगळं वाया. आणि रंगवलेला माल परत कोण घेणार?

दुकानातच कडेचे धागे सोडवून काडीपेटीने जाळून बघावेत. उभे वेगळे, आडवे वेगळे. एकत्र जाळले तर भेसळ लपते. सूत कागदासारखा वास देत जळतं आणि मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळतं, टोकाला काळा टणक मणी धरतो. रेशमाला जळलेल्या केसांचा वास येतो (त्या भावात खरं रेशीम मिळणार नाहीच). खळ ओळखायची तर कापड दोन्ही मुठींत धरून चोळा, पांढरी भुकटी झडते. ती पहिल्या धुण्यात जाते आणि कापड विरळ पडतं. कापड खरं सुती असलं तरी धुऊन आटवल्याशिवाय बेतायला घेऊ नये, हे शिवणाऱ्यांना सांगायला नको.

माप कमी भरतं ते घड्यांत. दुकानदार तागा उलगडत नाही, एक घडी एक मीटर धरून घड्या मोजतो आणि "वीस मीटर" म्हणतो. घडी 96 सेंटिमीटरची असेल तर 20 मीटरमागे 80 सेंटिमीटर गेले, म्हणजे एका अंगरख्याच्या दोन्ही बाह्या. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, तोही टेपने बघा. 44 इंच सांगून 36 चा तागा गळ्यात मारला तर बेतण्याचं सगळं गणित कोलमडतं. बटणं ग्रोसवर घेतली तर 144 भरली पाहिजेत. निदान एक पाकीट मोजून घ्या.

ऑनलाइन मागवताना नमुन्याचा तुकडा आधी मागवून जपून ठेवा, पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा. "रिफंडसाठी पिन टाका" असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. पैसे यायला यूपीआय पिन लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930. माल खोटा निघाला तर ग्राहक हेल्पलाइन 1915, पण त्यासाठी पक्कं बिल लागतं. बिलावर "कापड 20 मी." एवढंच नको, "100 टक्के सुती, पन्हा 44 इंच" आणि "नऊवारी, 8.2 मीटर" असं लिहून मागा. आमच्या विक्रेत्याने बिलावर नुसतं "ड्रेस मटेरियल" लिहिलं होतं, त्यामुळे भांडायला कागदच हातात नव्हता.