बालीतील कॅफे : जळगावहून गेलेल्या एका चहाबाज कुटुंबाची पारख

आमच्या जळगावात पाहुणचार चहाने सुरू होतो आणि बहुधा चहानेच संपतो. कॉफी ही परीक्षेच्या रात्री जागणाऱ्या मुलांसाठी किंवा सर्दीने नाक चोंदलेल्यांसाठी असते, अशी घरात सर्वसाधारण समजूत आहे. त्यामुळे गेल्या दिवाळीच्या सुट्टीत बालीला जाण्याचे ठरले, तेव्हा तेथील कॅफेंवर मी कधी काही लिहीन असे वाटले नव्हते. प्रत्यक्षात आठ दिवसांत आम्ही मंदिरे पाच पाहिली आणि कॅफे पंधरा-सोळा. याला आमच्या आवडीपेक्षा तेथील हवा अधिक कारणीभूत आहे. विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे आठ अंशांवर असलेल्या या बेटावरचे ऊन आमच्या मे महिन्यातल्या उन्हासारखे भाजत नाही, पण अंगावरचा घाम मात्र वाळता वाळत नाही, आणि नोव्हेंबर जवळ आला की दुपारनंतर पावसाची सर हमखास येते. दर दोन तासांनी कोठेतरी छपराखाली टेकणे भागच पडते. मग जेथे टेकायचे ती जागा नीट निवडलेली बरी.

बरोबर अडुसष्ट वर्षांची माय, पत्नी आणि महाविद्यालयात शिकणारी मुलगी असल्यामुळे माझ्या कसोट्या आपोआप ठरत गेल्या. कपात आलेली कॉफी त्याच बेटावर पिकलेली आहे का, मायला तासभर पाठ टेकून बसता येते का, आणि शाकाहारी माणसाला बटाट्याच्या कापांपलीकडे काही खाता येते का, एवढेच मी पाहिले. जागा छायाचित्रात कशी दिसते याला मी गुण दिलेले नाहीत. ते खाते मुलीकडे होते आणि तिचा निकाल माझ्यापेक्षा बराच वेगळा आहे.

बाली हे केवळ कॉफी पिण्याचे बेट नसून पिकवण्याचेही आहे, ही गोष्ट अनेक प्रवाशांच्या लक्षात येत नाही. ईशान्येकडील किंतामणीच्या डोंगराळ भागात, बातूर ज्वालामुखीच्या राखेने सुपीक झालेल्या जमिनीवर अरेबिका जातीची कॉफी होते. तिच्या झाडांमध्ये संत्र्या-मोसंबीची झाडे लावण्याची तेथे पद्धत आहे आणि कॉफीच्या चवीतही लिंबूवर्गीय फळाचा हलका आंबटपणा जाणवतो. इंडोनेशियात भौगोलिक मानांकन मिळवणारे पहिले उत्पादन हीच कॉफी होय. ते मानांकन 2008 साली मिळाले. आमच्या जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला 2016 साली असेच मानांकन मिळाले असल्यामुळे, मानांकन मिळालेला माल त्याच्या गावातच चाखावा, हे आम्हाला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. खेदाची बाब अशी की बालीतल्या कित्येक दिमाखदार कॅफेंमध्ये ही कॉफी मागावी लागते. न मागता येते ती दुधाच्या फेसावर पान काढलेली, कोठेही मिळेल अशी.

या दृष्टीने मला सर्वांत समाधान दिले ते उबुदमधील सेनिमान कॉफीने. 'सेनिमान' म्हणजे कलावंत. मुख्य रस्त्यापासून थोडे आत, जालान श्रीवेदारी या गल्लीत हे कॅफे आहे. आत शिरताच नजर खुर्च्यांवर जाते. आपल्याकडे लग्नात मंडपवाला ज्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणून टाकतो, तशाच त्या आहेत. मात्र त्यांचे पाय काढून टाकून खाली लाकडाचे झुलते बैठे बसवले आहेत. रिकाम्या बाटल्या कापून घासून बनवलेले पेलेही तेथे वापरात दिसतात. हे वर्णन वाचून कोणाला हा नुसता देखावा वाटेल, आणि मलाही प्रथम तसेच वाटले होते. पण काउंटरमागच्या तरुणाने बी कोणत्या भागातले, फळ धुऊन वाळवले की सालीसकट, आणि भाजून किती दिवस झाले, हे ज्या सहजतेने सांगितले, त्यावरून मला यावल-रावेरकडचा एखादा बागाईतदार केळीचा घड हातात घेऊन बोलतो त्याची आठवण झाली. आम्ही किंतामणीची कॉफी कागदी गाळणीतून, बिनदुधाची घेतली. ती कडू नव्हती. बिनदुधाची कॉफी कडू नसते, हे चाळिशी उलटल्यावर कळावे याचे मला थोडे वाईटच वाटले. माय त्या झुलत्या खुर्चीत पाऊण तास बसली, बाहेर पाऊस कोसळत राहिला, आणि कोणीही येऊन टेबल मोकळे करण्याचे सुचवले नाही.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला 'कोपी तुब्रुक' आहे. हिच्यासाठी कॅफेची गरज नसते. रस्त्याकडेच्या कोणत्याही वारुंगमध्ये, म्हणजे घरगुती खानावळवजा टपरीत, ती मिळते. काचेच्या पेल्यात बारीक दळलेली पूड आणि साखर घालून वरून उकळते पाणी ओततात, ढवळतात आणि पेला तसाच समोर ठेवतात. गाळणे हा प्रकार नाही; गाळ आपोआप तळाशी बसेपर्यंत धीर धरायचा. मायने धीर न धरता पहिला घोट घेतला आणि आपल्या अमळनेरकडच्या अहिराणीत विचारले, "हाई कॉफी शे का काढा?" चार मिनिटांनी घेतलेल्या दुसऱ्या घोटानंतर मात्र तिने मत बदलले, आणि पुढचे सर्व दिवस ती हीच कॉफी मागत राहिली. पाच ते दहा हजार रुपियांत, म्हणजे आपल्या तीस ते पन्नास-पंचावन्न रुपयांत, असा पेला येतो.

ही पूड ज्यांना घरी आणायची असेल, त्यांनी देनपासार शहरात जालान गजहमादावरील भिनेका जाया या जुन्या दुकानात जावे. 1935 पासून चालत आलेले हे दुकान फुलपाखरू आणि पृथ्वीगोल अशा चिन्हाच्या कॉफीसाठी बालीभर ओळखले जाते. प्रवासी कंपन्यांच्या गाड्या देनपासारला सहसा थांबत नाहीत, त्यामुळे तेथे भेटतात ती बाजाराला आलेली स्थानिक माणसे. बसण्याची सोय बेताची आहे. तासभर रेंगाळण्याची ही जागा नव्हे. एक पेला प्यावा, भाजलेल्या बियांचा वास अंगाला लागू द्यावा, पुडे बांधून घ्यावेत आणि शेजारच्या बादुंग बाजारात फिरावे. जळगावच्या दाणाबाजारात ज्यांचे बालपण गेले, त्यांना येथे परकेपणा वाटणार नाही.

किंतामणीला स्वतः जाणे हा वेगळा अनुभव आहे. उबुदहून गाडीने साधारण दीड तास लागतो. पेनेलोकानजवळ, जुन्या ज्वालामुखीच्या कड्यावर, गेल्या काही वर्षांत ओळीने कॅफे उभे राहिले आहेत, आणि सर्वांची तोंडे 1717 मीटर उंचीच्या बातूरकडे आहेत. खाली तळे, समोर डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी जुन्या उद्रेकांचा काळाभोर लाव्हा पसरलेला दिसतो. आम्ही सकाळी आठला पोहोचलो म्हणून हे सर्व दिसले. अकराच्या सुमारास ढगांनी सगळे झाकून टाकले आणि त्याच वेळी बसगाड्या भरभरून लोक वर येत होते. तेथे गारठा असतो, याची कल्पना कोणी दिली नव्हती. बेटावर जायचे म्हणून आम्ही सुती कपड्यांवर निघालो होतो आणि मायला शेवटी हॉटेलच्या टॉवेलचीच शाल करावी लागली. या ओळीतले कोणते कॅफे उत्तम, हे सांगण्यात मला अर्थ वाटत नाही, कारण देखावा सर्वांचा एकच आहे. आत शिरण्यापूर्वी किंतामणीची कॉफी ताजी दळून मिळते का, एवढे विचारावे. नाही म्हणाले तर पुढच्या दारी जावे.

शांत बसण्यासाठी उबुदचे कॅफे लोटस मला फार आवडले. सरस्वतीच्या मंदिरासमोर कमळांचे तळे आहे आणि त्या तळ्याच्या काठी हे कॅफे आहे. मंदिराची रचना बालीचे ख्यातनाम कलावंत गुस्ती न्योमान लेम्पाद यांची आहे. टेबलावरून तळ्यापलीकडचे देऊळ सरळ समोर येते, आणि मायने कॉफी येण्यापूर्वी बसल्या जागेवरूनच हात जोडले. दर 210 दिवसांनी येणाऱ्या सरस्वतीच्या सणाला येथे पोथ्या-पुस्तकांची पूजा होते, हे वाढप्याकडून कळल्यावर तिला दसऱ्याची पाटीपूजा आठवली आणि त्या दोघांचा मोडक्यातोडक्या इंग्रजीत व हातवाऱ्यांत बराच वेळ संवाद चालला. कॉफीपेक्षा जागेसाठी जावे असे हे एकच ठिकाण मी सुचवतो.

सेमिन्याकमध्ये जालान कायू आया या गजबजलेल्या रस्त्यालगतच्या बोळात रिव्हॉल्व्हर एस्प्रेसो आहे. दुधाची कडक कॉफी आवडणाऱ्यांनी तेथे अवश्य जावे. माझ्या मुलीच्या मते बालीतली सर्वोत्तम कॉफी तीच. चांग्गूबद्दल मात्र मी थोडक्यात आटोपतो. लॅपटॉप उघडून दिवसभर बसणाऱ्या परदेशी तरुणांचा तो प्रदेश आहे, संगीत मोठ्याने चालते, आणि एका कॅफेत आम्हाला पाठ नसलेल्या सिमेंटच्या ओट्यावर बसवून मागवलेले पदार्थ पन्नास मिनिटांनी आणले. वयस्कर माणसे बरोबर असतील तर समुद्राकाठी बसण्यासाठी सानूरच बरे. किनाऱ्यालगत पायी चालण्याचा लांबच लांब सपाट रस्ता आहे, त्याच्या कडेला झाडांच्या सावलीत वारुंग आणि कॅफे आहेत, आणि पूर्वेकडचा किनारा असल्यामुळे सूर्य समुद्रातून वर येताना दिसतो. पहाटे सहाला तुब्रुकचा पेला, समोर कोळ्यांच्या दोन्ही बाजूंना बांबू लावलेल्या होड्या, आणि पलीकडे धूसर नुसा पेनिदा बेट. आमच्याकडे समुद्र नाही. तापीवर समाधान मानणाऱ्या माणसाला एवढे पुष्कळ झाले.

एका अनुभवाबद्दल कडक शब्दांत लिहिणे मला आवश्यक वाटते. उदमांजराने खाल्लेल्या कॉफीच्या फळातील बिया त्याच्या विष्ठेतून गोळा करून, धुऊन, भाजून 'कोपी लुवाक' बनवतात आणि ती अवाच्या सवा दराने विकतात. आमच्या गाडीवानाने आम्हाला न विचारता अशाच एका मळ्यात नेले. दहा-बारा प्रकारचे चहा व कॉफी छोट्या पेल्यांत फुकट चाखायला दिले, त्यापुढे लुवाकचा पेला वेगळ्या पैशांनी. मागच्या बाजूला दोन उदमांजरे जेमतेम वळता येईल एवढ्या पिंजऱ्यात होती आणि त्यातले एक सारखे एकाच जागी गोल फिरत होते. हा रात्री हिंडणारा, एकटा राहणारा प्राणी आहे. आपल्याकडेही तो जुन्या घरांच्या माळ्यावर आणि शेतातल्या झाडांवर आढळतो, त्यामुळे त्याला दिवसाउजेडी प्रवाशांसमोर तसे पाहणे आम्हा कोणालाच रुचले नाही. आम्ही ती कॉफी घेतली नाही. रानातून गोळा केलेल्या बियांची कॉफी म्हणून जी विकतात, तिची खात्री ग्राहकाने करायची कशी, हा प्रश्न राहतोच; तेव्हा या वाटेला न जाणेच उत्तम.

खाण्याच्या बाबतीत शाकाहारी खानदेशी माणसाची बालीत आबाळ होत नाही, पण सावध मात्र राहावे लागते. उबुदमध्ये पूर्ण शाकाहारी कॅफे बरेच आहेत. इतरत्र गादो-गादो मागवावे : उकडलेल्या भाज्या, टोफू आणि वर शेंगदाण्याचा दाट रस्सा. कूट घातलेल्या भाजीवर वाढलेल्या आमच्या जिभेला तो रस्सा लगेच ओळखीचा वाटला, फक्त गुळचटपणा मायच्या पचनी पडला नाही आणि तिने पर्समधून काळ्या मसाल्याची पुडी काढली. सोयाबीन आंबवून केलेली तेंपेची तळलेली वडी कॉफीबरोबर उत्तम लागते. सावधगिरी हवी ती सांबलबाबत. ही मिरचीची चटणी दिसायला ठेच्याची बहीण, पण तिच्यात बहुधा 'तेरासी' म्हणजे कोळंबी आंबवून केलेला लगदा असतो. त्यामुळे पदार्थ मागवतानाच 'तान्पा तेरासी', म्हणजे तेरासीशिवाय, असे सांगावे. न सांगितल्यास अंडेही अनेकदा न विचारता वर येऊन बसते.

आणि केळी. केळीच्या बाबतीत आम्हाला कोणी काही शिकवावे, हे आमच्या जिल्ह्यात सहजासहजी मान्य होत नाही. तरीही 'पिसांग राई' या पदार्थापुढे मी मान तुकवली. तांदळाच्या पिठात घोळवून शिजवलेले केळे ओल्या नारळाच्या किसात लोळवून देतात, आणि ते कडू तुब्रुकबरोबर खायचे. एवढी केळी पिकवून आम्ही आजवर वेफर्सच्या पलीकडे फारसे का गेलो नाही, असा विचार मनात आला. तो मी तेथेच बोलून दाखवला नाही, कारण बागाईतदार घरातली पत्नी समोर बसली होती.

बिलाबाबत दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. दरपत्रकात 45 असे लिहिले असेल तर ते पंचेचाळीस हजार रुपिया. हजार रुपियांचे साधारण साडेपाच रुपये धरावेत, म्हणजे ती कॉफी सुमारे अडीचशे रुपयांची. दरापुढे अधिकची दोन चिन्हे असल्यास दहा टक्के कर आणि त्यावर सेवाशुल्क वेगळे लागते, तेव्हा बेरीज करूनच मागवावे. मार्चच्या आसपास न्येपी हा मौनाचा सण येतो. त्या दिवशी विमानतळासह सगळे बेट बंद असते आणि कॅफेचे दार उघडे मिळण्याचा प्रश्नच येत नाही, म्हणून तिकिटे काढण्यापूर्वी ती तारीख पाहून घ्यावी.

देनपासारहून आणलेल्या चार पुड्यांपैकी तीन आम्ही नातेवाइकांत वाटल्या. त्यांतल्या दोघांनी पूड दुधात उकळून, गाळून, वेलदोडा घालून प्याल्याचे कळवले. चौथी पुडी मायने स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर, चहाच्या डब्यामागे ठेवली आहे, आणि दुपारी चारला आलेल्या पाहुण्याच्या हाती पेला देताना ती आधी बजावते : हलवू नका, गाळ खाली बसू द्या.