व्हायरसटोटल: शून्य दिसलं म्हणून लिंक उघडू नका

ई-चलान, वीजबिल, कुरिअर अशा नावांनी आलेली अनोळखी लिंक न उघडता तपासायची, तर फुकट मिळणाऱ्या साधनांत व्हायरसटोटलइतकं कामाचं दुसरं नाही. २००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झालेली ही सेवा २०१२ मध्ये गूगलने घेतली. खातं काढायची गरज नाही. मेसेजमधल्या लिंकवर बोट दाबून धरा, कॉपी करा आणि व्हायरसटोटलच्या वेबसाइटवर ‘यूआरएल’ टॅबमध्ये चिकटवा. अनेक सुरक्षा कंपन्यांचा निकाल एकाच पानावर येतो.

घोटाळा होतो तो हा निकाल वाचताना. वरच्या वर्तुळात शून्य आलं, तर त्याचा अर्थ एवढाच की यातल्या कोणत्याही कंपनीने ती लिंक अजून धोकादायक ठरवलेली नाही. आज सकाळी बनवलेलं बनावट पान दुपारी स्वच्छ दिसू शकतं. शिवाय कधी कधी जुनाच अहवाल समोर येतो. तपासणीची तारीख बघा आणि ‘रीअ‍ॅनालाइझ’ दाबा.

खरा माल ‘डिटेल्स’ टॅबमध्ये आहे. आखूड केलेली लिंक शेवटी कुठे पोचते, तो पत्ता तिथे मिळतो. तो मात्र स्वतःच वाचावा लागतो, आणि उजवीकडून. सुरुवातीचं ‘https://’ सोडून पुढे येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधी जे आहे, तो मालक. ‘ईचलान.परिवहन.गव्ह.इन’ सरकारी, कारण ‘गव्ह.इन’ खासगी माणसाला मिळत नाही. पण समजा, ‘परिवहन.गव्ह.इन.चलान-भरा.टॉप’ असं असेल, तर मालक ‘चलान-भरा.टॉप’, आधीचं सगळं सजावट. बिंदूऐवजी जोडरेघ असलेलं ‘परिवहन-गव्ह-इन.कॉम’ही तसलंच. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ‘बँक.इन’ हा राखीव शेवट आणला आहे, तो आधी शोधा. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावर जाऊ नका: त्यामागचं सुरक्षा प्रमाणपत्र भामट्यालाही फुकट मिळतं. क्रोमने तर २०२३ मध्ये ते चिन्हच काढून टाकलं.

पत्त्याच्या नोंदणीची तारीख आयकॅनच्या (इंटरनेटवरच्या पत्त्यांची व्यवस्था पाहणारी जागतिक संस्था) लुकअप पानावर बघावी, ‘डॉट इन’साठी ते पत्ते सांभाळणाऱ्या निक्सी या भारतीय संस्थेच्या रजिस्ट्रीत. मालकाचं नाव बहुधा झाकलेलं असतं, तारीख उघडी असते. पंधरा दिवसांपूर्वी नोंदलेल्या पत्त्यावर ‘वीस वर्षांची विश्वासू सेवा’ लिहिलं असेल, तर तिथे कार्डचा नंबर टाकू नका.

एक मोठी उणीव: इथे टाकलेलं खासगी राहत नाही. लिंक इतरांना शोधून सापडू शकते, फाइल भागीदार कंपन्यांकडे जाते. म्हणून पासवर्ड बदलायची लिंक, ऑफिसचा शेअर केलेला दस्तऐवज, आधारची पीडीएफ यांतलं काहीही इथे चढवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ‘चलान’ नावाची एपीके फाइल (अँड्रॉइड फोनमध्ये अ‍ॅप टाकणारी फाइल) मात्र खुशाल चढवा, फोनमध्ये इन्स्टॉल न करता.