हायड्रॉलिक कॅम टेन्शनर आणि नवा ऑइल पंप: ७,००० मैलांनंतर

गाडी २००३ची, अमेरिकन क्रूझर, ८८ घनइंची म्हणजे १४५० सीसीचं व्ही-ट्विन. या पिढीच्या इंजिनात दोन कॅम (झडपा उघडणारे दांडे) साखळ्यांवर फिरतात आणि साखळ्यांचा ताण टेन्शनर, म्हणजे स्प्रिंगने दाबलेले प्लास्टिकचे शू सांभाळतात. शू झिजला की त्याचा चुरा तेलात उतरतो, ऑइल पंपात जातो, जादा दाब सोडणाऱ्या प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हमध्ये अडकतो.

२६,००० मैलांवर, मार्च महिन्यात, न्यू जर्सीतल्या माझ्या गॅरेजात कॅमचं झाकण उघडलं. समोरचा शू ठीक दिसला. मित्र म्हणाला, "अरे, चांगला आहे की, लाव परत झाकण." पण दुसरा शू कॅम धरून ठेवणाऱ्या प्लेटच्या मागे असतो. प्लेट काढली तर त्याला खोल चर पडलेला, एक कड तुटून गेलेली. तो तुकडा शोधण्यात अख्खी संध्याकाळ गेली. सापडला शेवटी तेलाच्या तळाशी. बाहेरचा शू पाहून कुणीही निर्धास्त राहू नये, हे मी कळकळीने सांगतो.

नवी प्लेट, स्प्रिंगऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक टेन्शनर, रोलर साखळ्या आणि जास्त क्षमतेचा पंप घेतला. जुने कॅम आतल्या रोलर साखळीला चालत नाहीत, त्यामुळे तेही बदलले, सोबत आतली बेअरिंग. खर्च हजार डॉलरच्या वर गेला.

खरं काम आहे पंप बसवण्याचं. पंप थेट क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) टोकावर बसतो, म्हणून आधी डायल गेज लावून क्रँकचा रनआउट, म्हणजे फिरताना तो किती डगमगतो, ते पाहिलं. दोन थाऊ (०.००२ इंच) भरला, जीव भांड्यात पडला. मग पंपामागची ओ-रिंग ग्रीस लावून बसवली (ही चिमटली तर तेल क्रँककेसमध्ये साठतं), पंपाचे बोल्ट नुसते हाताने लावले, इंजिन हळूहळू फिरवत पंपाला आपली जागा घेऊ दिली आणि मगच टॉर्क रेंचने क्रमाने आवळले. दोनदा समाधान झालं नाही, दोन्ही वेळा सोडून पुन्हा बसवलं. ही घाई करू नका, नाहीतर महागडा पंप घेऊन उपयोग नाही. स्प्रॉकेटची (साखळीच्या दातेरी चाकांची) पातळीही पट्टी लावून जुळवावी लागते, त्यासाठी वेगळ्या जाडीचा स्पेसर मागवला.

आता परिणाम. पूर्वी इंजिन तापलं की आयडलिंगला तेलाचा दाब ६ पीएसआयवर यायचा. आता ऑगस्टच्या उन्हात, ट्रॅफिकमध्येही १३ च्या खाली गेलेला नाही. एअर क्लीनरमध्ये येणारं तेल जवळपास थांबलं. ताकद वाढल्यासारखं वाटलं नाही, त्या आशेने हे करू नये. रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू केली की टेन्शनरमध्ये तेल भरेपर्यंत दोन-तीन सेकंद टकटक ऐकू येते. पहिल्यांदा घाबरलो होतो, आता सवय झाली.

ऑक्टोबरात व्हर्जिनियातल्या स्कायलाइन ड्राइव्हचा १०५ मैलांचा डोंगररस्ता पूर्ण करून आलो आणि परत झाकण उघडलं. या वेळी प्लेटही काढली. दोन्ही शूंवर साखळीची फक्त चकाकती रेघ आहे, नखाला लागत नाही.