पाणी काळं पडलं आणि मी विश्वास ठेवला

ज्या माणसानं मला फसवलं, त्यानं पहिल्या भेटीत माझं दीड तास ऐकून घेतलं होतं. हे आधीच सांगते, कारण फसवणुकीची सुरुवात तिथूनच झाली होती आणि ते मला फार उशिरा कळलं.

थायरॉईड कमी काम करतं म्हणून अकरा वर्षं मी रोज सकाळी उपाशीपोटी लेव्होथायरॉक्सिनची गोळी घेते. गेल्या वर्षी थकवा एवढा वाढला की जिना चढून आल्यावर दारातच बसावंसं वाटायचं. केस मुठीनं गळत होते. टीएसएच, म्हणजे थायरॉईड कमी पडलं की रक्तात वाढणारं हार्मोन, थोडं वर सरकलं होतं. डोस वाढवून झाला, तरी फरक पडेना. आमच्या डॉक्टरांकडे कायम गर्दी असते, त्यांच्यासमोर बसले की दहा मिनिटांत बाहेर. आपलं कुणी नीट ऐकतच नाही ही भावना मनात घर करून होती. अशा वेळी एका ओळखीच्या बाईंनी या निसर्गोपचारवाल्यांचं नाव सुचवलं.

पहिली भेट मला आजही लख्ख आठवते. शांत खोली, मंद उजेड. "ताई, अगदी लहानपणापासून सांगा," म्हणाले. झोप, पाळी, राग, वडिलांचं आजारपण, सगळं विचारलं आणि वहीत लिहून घेतलं. बोलता बोलता मला रडू आलं, तर त्यांनी घाई केली नाही. त्यानंतर त्यांनी जे जे सांगितलं त्यातल्या कशालाही मी "हे कशावरून?" असं विचारलं नाही. ज्यानं आपलं एवढं ऐकलं त्याच्यावर शंका घ्यायची लाज वाटत होती.

आधी त्यांनी भिंगातून माझी बुबुळं पाहिली. यकृताच्या जागी डाग आहे, मूत्रपिंड थकलंय, असं म्हणाले. आता मला माहीत आहे की बुबुळ पाहून आजार ओळखण्याची ही पद्धत एकोणिसाव्या शतकात हंगेरीच्या पेचेली नावाच्या डॉक्टरांपासून सुरू झाली आणि जेव्हा जेव्हा ती नीट तपासली गेली तेव्हा तिचा टिकाव लागला नाही. 1979 साली अमेरिकेत 143 जणांच्या डोळ्यांचे फोटो या पद्धतीच्या तीन जाणकारांना दिले होते. त्यांतल्या कुणाचं मूत्रपिंड बिघडलंय हे त्यांना ओळखता आलं नाही. साधा विचार केला असता तरी पुरे होतं. बुबुळाची ठेवण वर्षानुवर्षं बदलत नाही, म्हणून तर माणसाची ओळख पटवायला ती वापरतात. आजारागणिक ती बदलत असती तर ते जमलंच नसतं.

पण मला खरी भूल पडली ती त्या टबामुळे. कोमट पाण्यात मीठ घातलं, त्यात तारेला जोडलेला एक धातूचा दांडा सोडला आणि मला पाय ठेवून बसायला सांगितलं. पाच-सात मिनिटांत पाणी पिवळं झालं, मग तांबूस, मग काळपट, वर फेस. भिंतीवर रंगांचा तक्ता होता: नारिंगी म्हणजे सांधे, काळं म्हणजे यकृत, फेस म्हणजे लसीका. "बघा ताई, किती वर्षांचं विष आहे हे." स्वतःच्या पायांखाली ते पाणी पाहून अंगावर काटा आला. मी फोटो काढला आणि तिथूनच धाकट्या बहिणीला पाठवला.

ते पाणी काळं का होतं हे शाळेत विज्ञान शिकलेल्या कुणालाही उमगेल. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की लोखंडी दांडा झिजतो, गंजतो, आणि तो गंज पाण्यात उतरतो. पाय घातले नाहीत तरी रंग येतोच. मीठ किती, पाणी कोणतं आणि मशीन किती वेळ चाललं यावर रंग बदलतो. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाय न घालता आणि पाय घालून, दोन्ही वेळचं पाणी तपासलं होतं, शिवाय लोकांची लघवी आणि केसही. शरीरातून विषारी धातू बाहेर पडत असल्याचा पुरावा मिळाला नाही. तुम्हाला कुणी असा टब दाखवला तर आधी तुमचे पाय बाहेर ठेवून तो चालवायला सांगा.

भेट संपली तेव्हा त्यांनी स्वतःच्याच कपाटातून सात बाटल्या काढून पिशवीत भरल्या. आजार ठरवणारा तो, औषध सुचवणारा तो आणि विकणाराही तोच. तेव्हा मला यात काहीच खटकलं नाही. उलट सगळं एका जागी मिळालं म्हणून सोय वाटली. केसांसाठी ज्या कॅप्सूल दिल्या त्यांत बायोटिन हे जीवनसत्त्व होतं, एकेका कॅप्सूलमध्ये 10 मिलिग्रॅम. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे 30 मायक्रोग्रॅम पुरतं. म्हणजे मी रोज गरजेच्या तीनशेहून अधिक पट घेत होते.

तीन आठवड्यांनी त्यांनीच रक्त तपासायला पाठवलं. त्या सकाळीही मी कॅप्सूल घेतली होती. रिपोर्ट आला: टीएसएच अगदी तळाला, टी-फोर, म्हणजे थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन, वर. रिपोर्ट पाहून ते म्हणाले, "यकृत साफ झालं, थायरॉईड जागं झालं. आता ही गोळी तुम्हाला जास्त होतेय." आठवडाभर अर्धी घ्यायची, मग बंद. मी म्हटलं, आमच्या डॉक्टरांना एकदा दाखवते. ते म्हणाले, "त्या काय, परत गोळीच देतील. तुम्हाला बरं व्हायचंय की आयुष्यभर गोळ्या खायच्यात?"

मी डॉक्टरांना दाखवलं नाही. अकरा वर्षांची गोळी सुटणार या आनंदात होते.

पुढचं नीट वाचा, कारण यात कुणीही अडकू शकतं. पुष्कळ लॅबमधली यंत्रं हार्मोन मोजताना बायोटिनचाच चिकटपणा वापरतात. रक्तातला जो पदार्थ मोजायचा तो पकडून ठेवायला बायोटिन आणि त्याला घट्ट चिकटणारं स्ट्रेप्टाव्हिडिन नावाचं प्रथिन ही जोडी असते. रक्तात आधीच भरमसाठ बायोटिन असेल तर पकडायच्या जागा तेच अडवतं. मग टीएसएच आहे त्यापेक्षा कमी दिसतं. टी-फोर मोजायची रीत उलटी असल्यामुळे ते जास्त दिसतं. कागदावर थायरॉईड जोरात चालल्याचं चित्र उभं राहतं, शरीरात मात्र तसं काही नसतं. सगळ्या यंत्रांवर असं होत नाही, पण होतं तेव्हा रिपोर्ट अगदी खरा वाटतो. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं, एफडीएनं, 2017 च्या नोव्हेंबरमध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. हृदयविकाराच्या झटक्यात पाहतात ती ट्रोपोनिनची तपासणीही यानं चुकीची कमी येऊ शकते. थायरॉईडच्या तपासणीआधी निदान दोन दिवस बायोटिन थांबवा, डोस मोठा असेल तर किती दिवस ते डॉक्टरांनाच विचारा.

तो रिपोर्ट पाहून दुसरा कुणीही चकला असता, हे मी मान्य करते. पण ती कॅप्सूल त्यानंच विकली होती. आणि डॉक्टरांना विचारू नका असंही त्यानंच सांगितलं होतं. म्हणून मी याला चूक म्हणत नाही, फसवणूक म्हणते.

गोळी सोडल्यावर पहिले काही दिवस मला काहीच झालं नाही. त्यामुळे विश्वास आणखी पक्का झाला. वास्तविक या औषधाचा निम्मा अंश शरीरातून जायलाच साधारण आठवडा लागतो, त्यामुळे उतरण हळू असते. महिन्याभरानं थंडी वाजायला लागली, पोट साफ होईना, आवाज जड झाला. फोन केला तर उत्तर मिळालं, "विष बाहेर पडताना असा त्रास होतोच, घाबरू नका." बरं वाटलं तर उपचाराचं यश, वाईट वाटलं तर तेही उपचाराचंच यश! अडीच महिन्यांनी एका सकाळी आरशात चेहरा सुजलेला दिसला, आणि मुलाचं नाव आठवायला क्षणभर थांबावं लागलं. त्या दिवशी मुलगाच मला आमच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला.

त्या रागावल्या नाहीत. नाडी पाहिली, ती मंद होती. मग म्हणाल्या, "घरात असलेल्या सगळ्या बाटल्या आणा. जीवनसत्त्वांच्यासुद्धा." बायोटिनची बाटली हातात घेऊन त्यांनी लेबल दोनदा वाचलं. कॅप्सूल बंद करून आठवड्यानं रक्त तपासलं. टीएसएच इतकं वर होतं की गोळी त्याच दिवशी पुन्हा सुरू झाली.

मूळचा थकवा कशानं होता तेही त्याच दिवशी निघालं. वर्षभरापूर्वी हाडांच्या डॉक्टरांनी कॅल्शियम सुरू केलं होतं आणि मी दोन्ही गोळ्या सकाळी एकत्र घेत होते. कॅल्शियम आणि लोह लेव्होथायरॉक्सिनला शरीरात नीट शोषू देत नाहीत. मध्ये निदान चार तास जायला हवेत. हे मी आधी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही, असं त्या स्वतःच म्हणाल्या. आता कॅल्शियम रात्री घेते.

निसर्गोपचार सगळाच खोटा, असं मला म्हणायचं नाही. नीट झोपा, चाला, मोजकं खा, हे त्यांनीही सांगितलं होतं आणि ते योग्यच होतं. कित्येक देशांत हे शास्त्र रीतसर शिकून, नोंदणी करून काम करणारी माणसं आहेत. तसा माणूस दुसऱ्या डॉक्टरांची गोळी त्यांच्या नकळत बंद करत नाही, आणि आपल्या आवाक्याबाहेरचं असेल तर पुढे पाठवतो. मी गेले तिथे भिंतीवर प्रमाणपत्रं पुष्कळ होती, पण बिलावर ना नोंदणी क्रमांक, ना बाटल्यांची नावं. फक्त "आरोग्य सेवा" एवढंच. तक्रार करायला गेले तेव्हा या दोन शब्दांनी फार अडवलं.

मुलाला घेऊन मी एकदा परत गेले. पैसे मागितले, आणि टबात पाय न घालता मशीन चालवून दाखवा म्हटलं. माणसाशिवाय चालवलं तर मशीन बिघडतं, असं सांगण्यात आलं. सील न फोडलेल्या तीन बाटल्यांचे पैसे मिळाले, बाकीचे नाहीत. मी लेखी तक्रार दिली आहे. अजून निकाल नाही. सोबत दोन्ही रिपोर्ट, बिल आणि बायोटिनचं लेबल जोडलं आहे.

त्या काळ्या पाण्याचा फोटोही जोडलाय. तो पाहून बहिणीनंही तिथली वेळ घेतली होती. ती रक्तदाबाची गोळी घेते. तिची वेळ मी स्वतः फोन करून रद्द केली.